इंजिनाचा दिवसाआडचा ताप

श्रोते हो, हिवतापाचा रोगी तुम्ही पाहिला असेल. काल थंडीने ज्याचे दात वाजत होते, तोच आज बांधावर उभा राहून बैल हाकतो आहे. आज त्याची नाडी पाहून काय सापडणार? जाणता वैद्य अशा वेळी नाडीपेक्षा प्रश्नांवर भर देतो. ताप केव्हा येतो? किती वेळ राहतो? कशाने उतरतो? यंत्रांनाही असा येणारा-जाणारा ताप असतो. मोटार भर रस्त्यात बंद पडते, झाडाखाली अर्धा तास उभी केली की मुकाट सुरू होते, आणि मिस्त्रीच्या दारात नेली की जणू काही झालेच नव्हते अशी चालते. अशाच तापाने एक चांगला शोध बाळपणीच दगावण्याची वेळ आली होती. त्याची हकिगत आज ऐका.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम पूर्वी कार्बुरेटर करी. आत ओढली जाणारी हवा अरुंद गळ्यातून जाताना पेट्रोल आपल्याबरोबर ओढून नेई. युक्ती साधी आणि स्वस्त, पण माप अंदाजाचे. त्यापेक्षा पेट्रोल मोजून, दाबाने फवारावे ही कल्पना जुनीच होती. १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत बॉश कंपनीचा यांत्रिक पंप हे काम करी.

अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने निराळी वाट काढली. तिने विजेने उघडमीट होणारी बारीक तोटी घेतली, आणि ती किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवायला एक इलेक्ट्रॉनिक पेटी जोडली. या योजनेचे नाव ‘इलेक्ट्रोजेक्टर’. १९५८ साली क्रायस्लर कंपनीने ती आपल्या काही मोटारींवर देऊ केली. अशा जेमतेम ३५ मोटारी तयार झाल्या, आणि ताप सुरू झाला. घरातल्या रेडिओत जे भाग सुखाने नांदत, त्यांना बॉनेटखालची उष्णता, दमटपणा आणि धक्के सोसेनात. गाडी कधी चाले, कधी अडे. शेवटी बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्बुरेटर चढवले गेले. शोध बुद्धीने पुढे होता, पण त्याचे सुटे भाग मागे राहिले होते.

पुढे बेंडिक्सच्या पेटंटांचा परवाना जर्मनीतील बॉश कंपनीने घेतला. दरम्यान ट्रान्झिस्टर सुधारले होते, आणि १९६८ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत मोटारींच्या धुरावर कायद्याने मर्यादा येत होती. १९६७ साली फोक्सवागन १६०० या मोटारीवर बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ योजना आली. यातला ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजायचा, तापमान पाहायचे, आणि त्यावरून तोटी काही हजारांश सेकंद उघडायची, असा हिशेब. मग व्होल्वो, साब, सित्रोएन, पोर्शे यांच्या गाड्यांतही ही योजना आली.

परंतु जुनी बदनामी सहजासहजी जात नाही. गाडी अडली की मिस्त्री त्या अनोळखी पेटीकडेच बोट दाखवी. १९५८ मध्ये दोष खरोखर तिथे होता. १९६७ नंतर बहुतेक वेळा नव्हता. तरी कित्येक मालकांनी महागड्या पेट्या बदलल्या, कित्येकांनी सगळी योजनाच उपटून कार्बुरेटर बसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच!

मग चोर कुठे असे? अगदी सामान्य जागी. तापमान सांगणाऱ्या सेन्सरचेच उदाहरण घ्या. त्याचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्याची तार मधेच तुटली की रोध अफाट होतो. पेटीला वाटते, बाहेर कडाक्याची थंडी आहे. ती भरमसाट पेट्रोल सोडते, काळा धूर येतो, इंजिन गुदमरते. खड्ड्यात धक्का बसून तार पुन्हा टेकली की सारे ठीक! पेट्रोलपंपाच्या रिलेतला सोल्डरचा टाका तडकलेला असला तर तापल्यावर सुटतो, निवल्यावर जुळतो. झाडाखालच्या अर्ध्या तासाचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते. शिवाय डिस्ट्रिब्यूटरमधले मळलेले पॉइंट, गंजलेली अर्थची जोडणी, सैल झालेला प्लग आहेतच.

आजही या गाड्या हौसेने जतन करणारे लोक आहेत. त्यांची निदानाची रीत त्या वैद्याचीच. प्रथम पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या पाहायच्या. त्यांत दाब असतो, आणि चिरलेली नळी गाडीला आग लावू शकते. मग वही काढायची. गाडी केव्हा अडली, इंजिन गार की गरम, पाऊस होता का, रस्ता कसा होता, हे लिहायचे. चावी फिरवल्यावर पंप एक-दोन सेकंद घरघरतो की नाही, ते ऐकायचे. गाडी अडलेली असतानाच ठिणगी पाहायची आणि पेट्रोलचा दाबही मोजायचा. तो साधारण वातावरणाच्या दुप्पट असावा लागतो. इंजिन चालू ठेवून एकेक तार हलवून पाहायची. आणि मुख्य म्हणजे, एका वेळी एकच वस्तू बदलायची. चार वस्तू एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर गाडी सुधारली खरी, पण आपण काही शिकलो नाही. आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच.

हे सारे परदेशचे झाले, आपला काय संबंध, असे म्हणू नका. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत-६ ही प्रदूषणमानके लागू झाली, आणि नव्या मोटारसायकलींतही कार्बुरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी तोटी आली. आताची पेटी आपला दोष आकड्यांत नोंदवते. पण तो आकडा रोग्याच्या तक्रारीसारखा असतो. सेन्सरचा आकडा आला म्हणजे सेन्सरच बिघडला असे नाही. त्याची तारही उंदराने कुरतडलेली असेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा धडा वर्गातही देता येईल. एक टॉर्च घ्या, सेलच्या टोकाशी कागदाचा बारीक कपटा अर्धवट अडकवा, आणि मुलांना सांगा, बल्ब न बदलता दोष शोधा. बहुतेक मुले आधी बल्बच मागतील. त्यांना थांबवा, आणि टॉर्च कोणत्या बाजूने हलवल्यावर उजेड जातो ते आधी वहीत लिहायला लावा.