पिंगुळीची पोथी आणि चित्रकलेचा तास

मुलांच्या कलाशिक्षणाचा इतिहास म्हटला की आपण मुंबईपासून सुरुवात करतो. जमशेटजी जीजीभाईंची एक लाखाची देणगी, १८५७ साली निघालेलं जे. जे. स्कूल, आणि मग शाळाशाळांत पोचलेल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा. कुडाळात बसून हाच इतिहास सांगायचा, तर सुरुवात पिंगुळीपासून करावी लागते. गाव इथून हाकेच्या अंतरावर.

पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथी पिढ्यान् पिढ्या चालत आली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. एका कथेच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, विषय रामायण-महाभारताचे. कथेकरी एकेक चित्र समोर धरून गात सांगणार, साथीला टाळ, तुणतुणं, हुडूक. आता बघा, घरातल्या पोराला हे शिकायचं तर नुसता हात वळवून भागत नसे. चित्रांचा क्रम, गाणं, ताल, सगळंच अंगात भिनावं लागे. वर्ग नाही, वही नाही. आणि समाजाबाहेरच्या पोराला प्रवेशही नाही, हेही सांगायला हवं.

पोथी पवित्र मानलेली. जीर्ण झाली की पाण्यात सोडायची. म्हणजे कागद टिकवण्यावर भिस्तच नव्हती. चित्र काढणारं आणि कथा सांगणारं पोर तयार झालं, तरच पोथी पुढे जायची. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला, श्रोते पांगले. चित्रं संग्राहकांकडे गेली, चौकटीत बसली. कथा मात्र मागेच राहिली.

परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. तिथे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहायला मिळतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता कुणाच्याही मुलाला ही कला जवळून बघता येते, आणि आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. पण शहरातून सहलीला आलेलं मूल तासाभरात मोठ्या डोळ्यांचा एखादा राम काढून घरी नेतं. छान दिसतो. त्याच्या आधीचं चित्र कोणतं, नंतरचं कोणतं, हे त्याला कुणी विचारत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की कुडाळच्या शाळांनी चित्रकलेचा आणि मराठीचा तास महिन्यातून एकदा जोडून घ्यावा. मुलाने एका प्रसंगाची लागोपाठची दोन चित्रं काढावीत आणि वर्गासमोर उभं राहून सांगावीत. मालवणीत सांगितली तरी चालेल.