रॅकून सिटी : एका कल्पित नगराची निवड

पडका वाडा, ओसाड किल्ला, गांवकुसाबाहेरील पिंपळ या भयकथेच्या ठरलेल्या जागा होत. संगणकावरील खेळ रचणाऱ्यांनींही आरंभीं हाच मार्ग धरला. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकीं कांहींनीं धड महानगर नव्हे व धड खेडेंही नव्हे, असें एक मध्यम शहर पसंत केलें. ती निवड कशी झाली, हें पाहण्याजोगें आहे.

जपानांतील कॅपकॉम या कंपनीनें १९८९ सालीं ‘स्वीट होम’ नांवाचा एक खेळ काढला होता. त्याचें स्थळ एक झपाटलेला वाडा. त्याच धर्तीवर, शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखालीं, मार्च १९९६ मध्यें ‘बायोहझार्ड’ हा खेळ प्रसिद्ध झाला. जपानबाहेर त्याला ‘रेसिडेंट ईव्हिल’ हें नांव मिळालें. येथेंही वाडाच, डोंगरांतल्या रानांत उभा असलेला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांतील रॅकून सिटी हें कल्पित शहर त्याच्या शेजारचें, पण तें पडद्यामागेंच राहतें. वाड्यांत मनुष्य भितो खरा. तथापि एकदां बाहेर पडलों कीं सुटलों, ही आशा त्याला शेवटपर्यंत असते. दुसऱ्या खेळानें नेमकी हीच आशा काढून घेतली. वाड्यांतला रोग शहरांत शिरला.

दुसऱ्या खेळाचे दिग्दर्शक हिदेकी कामिया. त्यांच्या पहिल्या आराखड्यांत शहराचें पोलीस ठाणें साध्या, आधुनिक कचेरीसारखें होतें. काम बरेंच पुढें गेलें असतांही १९९७ सालीं तें टाकून देण्यांत आलें. नोबोरू सुगिमुरा या अनुभवी पटकथाकारांच्या साहाय्यानें कथा नव्यानें बांधली गेली, आणि तेंच ठाणें आतां एका जुन्या कलासंग्रहालयाच्या इमारतींत आलें. उंच दिवाणखाना, पुतळे, तसबिरी, ग्रंथालय, आणि मधूनच हवालदारांचीं टेबलें! पोलिसांना असें संग्रहालय कोणती नगरपालिका देईल, अशी शंका येते. पण जुन्या संस्थानी वाड्यांत मामलेदार कचेऱ्या भरलेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्या आपल्या श्रोत्यांना यांत फारसें नवल वाटूं नये. वाडा सोडून शहरांत आलेल्या कर्त्यांनीं वाडा बरोबरच आणला, इतकेंच. जानेवारी १९९८ मध्यें हा खेळ बाहेर पडला.

मध्यम शहरच कां, याचें उत्तर त्याच्या रचनेंत आहे. खेळांतील माहितीप्रमाणें रॅकून सिटीची वस्ती सुमारें १,००,००० आहे. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणीं पोलिसांची मोठी फौज, अनेक इस्पितळें. एक दार बंद झालें तर दुसरें उघडतें. उलट खेड्यांत दार ठोठावण्याजोगें ठिकाणच नसतें. लाख वस्तीच्या गांवीं सर्व कांहीं असतें, पण बहुधा एकेकच. मदतीची ती एकुलती एक जागा मोडली म्हणजे मनुष्य निराधार होतो. म्हणूनच खेळणारा ज्या आशेनें ठाण्याकडे धांव घेतो, तेथेंच त्याला प्रेतें चालतांना दिसतात.

आणि अशा गांवाला मालकही बहुधा एकच असतो. रॅकून सिटी ही अंब्रेला नामक औषधांच्या कंपनीवर जगते. कंपनीच्या गुप्त प्रयोगशाळा, त्यांत चाललेलें विषाणूंचें अस्त्र आणि तिच्या पैशांनीं मिंधा झालेला पोलीसप्रमुख! वाड्यांतून वांचून आलेल्यांनीं दिलेला इशारा कोणी मनावर घेत नाहीं. घेईल तरी कोण? चालत्या प्रेतांपेक्षां ही गोष्ट अधिक भयंकर आहे. रॉचेस्टर शहराचें कोडॅक कंपनीशीं जडलेलें नातें अमेरिकन वाचकांना परिचित आहे. भारतीय मनाला मात्र २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची भोपाळची रात्र आठवल्यावांचून राहत नाहीं. कारखान्यांतून सुटलेला विषारी वायु झोपलेल्या वस्तींत शिरला होता.

यंत्राची अडचणही या निवडीला पोषकच ठरली. त्या वेळच्या प्लेस्टेशनला अखंड शहर दाखविणें शक्य नव्हतें. कॅपकॉमनें आधींच तयार केलेलीं स्थिर दृश्यें एकापुढें एक मांडलीं, रस्ते मोडक्या मोटारींनीं अडविले, आणि चार गल्ल्यांत शहराचा भास उभा केला. कोनामी कंपनीनें १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ मध्यें दूरचें सारें दाट धुक्यांत झांकलें. पण तें गांव लहान, तळ्याकांठचें.

घराकडून गांवाकडे जाण्याची ही वाट चित्रपटकार जॉर्ज रोमेरो यांनीं पूर्वींच घालून दिली होती. १९६८ सालीं त्यांनीं एका शेतघरांत प्रेतांचा वेढा दाखविला, तर १९७८ सालीं पिट्सबर्गजवळच्या मोठ्या बाजारसंकुलांत. कॅपकॉमनें दुसऱ्या खेळाची जपानमधील जाहिरात त्यांच्याकडूनच करवून घेतली, हें उचितच झालें.

१९९९ च्या तिसऱ्या खेळांत वर्तमानपत्राची कचेरी, इस्पितळ, घड्याळाचा मनोरा व ट्राम दिसतात. आणि कथेंतील १ ऑक्टोबर १९९८ च्या पहाटे सरकारच क्षेपणास्त्र टाकून सारें शहर भस्म करतें. २००५ सालच्या चौथ्या खेळाची कथा स्पेनमधील एका खेड्यांत गेली. पुढें २०१९ सालीं दुसरा व २०२० सालीं तिसरा खेळ नव्या तंत्रानें पुन्हां रचण्यांत आला, आणि संग्रहालयांतलें तें ठाणें परत उभें राहिलें. तिसऱ्याची नवी आवृत्ति ३ एप्रिल २०२० रोजीं विक्रीस आली, तेव्हां कोरोनाच्या भयानें जगांतील अनेक खऱ्या शहरांचे रस्ते ओस पडले होते.