प्लाझ्मोडियम मेक्सिकॅनम

सरड्यांना होणाऱ्या हिवतापाचा एकपेशीय परजीवी. माणसाला हिवताप देणाऱ्या परजीवींच्याच प्लाझ्मोडियम प्रजातीतील ही जाती असली, तरी ती माणसात वाढत नाही. थॉम्पसन आणि हफ यांनी 1944 मध्ये मेक्सिकोतील सरड्यांवरून तिचे वर्णन केले. आज तिची सर्वांत सखोल माहिती मिळते ती कॅलिफोर्नियातील पश्चिमी कुंपण-सरड्यामुळे (स्केलोपोरस ऑक्सिडेंटॅलिस).

सरड्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते. परजीवी त्या केंद्रकाशेजारी वाढतो, विभागतो आणि हीमोग्लोबिन पचवून काळपट रंगद्रव्य मागे ठेवतो. काही पेशींत नर-मादी युग्मकपूर्व पेशी तयार होतात. त्यांचे मीलन मात्र कीटकाच्या पोटातच होते.

हिवताप म्हटला की डास आठवतो. येथे डासाचा संबंध नाही. अयाला आणि ली यांनी 1970 मध्ये दाखवले, की हा परजीवी वाळूमाशीत वाढतो. लुट्झोमिया व्हेक्सेटर आणि लुट्झोमिया स्टीवर्टी या तिच्या दोन जाती त्याचा प्रसार करतात. (नागपूर जिल्ह्यातील गावाचे नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू पसरवणाऱ्या वाळूमाश्या याच कुळातल्या.) कॅलिफोर्नियातील या माश्या दिवसा जमिनीवरच्या खारींच्या बिळांत दडून असतात.

सरड्याला संसर्ग बहुधा जन्मभर राहतो. तो सहसा तडकाफडकी मरत नाही, म्हणून हा परजीवी निरुपद्रवी मानण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. मेंडोसिनो परगण्यातील हॉपलँड संशोधन केंद्रात जोसेफ शाल यांनी 1978 पासून केलेल्या दीर्घ अभ्यासाने सरड्याला पडणारी या संसर्गाची किंमत मोजून दाखवली. बाधित सरड्याच्या रक्तात अपक्व तांबड्या पेशी वाढतात आणि हीमोग्लोबिन सुमारे एक चतुर्थांशाने घटते. प्राणवायू कमी पडल्याने दमसास टिकत नाही. क्षणभराची झेप मात्र शाबूत राहते, कारण तिला लागणारी ऊर्जा स्नायू प्राणवायूविना मिळवतात. मादी उन्हाळ्यात पुरेशी चरबी साठवू शकत नाही. पुढच्या वसंतातली अंडी याच चरबीवर पोसली जातात, त्यामुळे ती एक-दोन अंडी कमी घालते. नरांचे वृषण लहान राहतात, आणि प्रियाराधन व हद्दीचे रक्षण या दोन्हींत ते मागे पडतात.