सत्यसुधारक हॉटेलातील चहा

कोल्हापूरला जाणारा माणूस तांबडा-पांढरा रस्सा कोठे उत्तम मिळतो, मिसळ कोणाची झणझणीत, हे हमखास विचारतो. भाऊसिंगजी रोडवरील एका जुन्या चहाच्या हॉटेलाविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीस होते. स्पृश्य नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना निर्दय मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. त्यातून ‘सत्यसुधारक हॉटेल’ उभे राहिले.

गिऱ्हाईक मात्र फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम संस्थानाने १९१९ मध्ये काढले खरे. पण कोणी कोणाच्या हातचे प्यावे, हे हुकमाने कसे ठरणार?

महाराजांचा उपाय अगदी साधा होता. फेरफटक्यास निघाले की खडखडा गंगारामांच्या हॉटेलापाशी थांबे. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत आणि खडखड्यातील बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. त्यांत स्वतःस उच्चवर्णीय म्हणवणारेही असत. छत्रपतींनी घोट घेतल्यावर कप परत करण्याची हिंमत कोणाची?

पुढे गंगारामांना महाराजांनी सोडावॉटरचे यंत्रही घेऊन दिले.