भावनिक स्वास्थ्य, बालकांचे

राग, भीती, दुःख मुलाला ओळखता यावे, जवळच्या माणसाला सांगता यावे आणि सांगितल्यावर धीर मिळावा, ही बालकाच्या भावनिक स्वास्थ्याची खूण. यातला धीर मोठ्यांनीच द्यायचा असतो. म्हणून हा विषय मुलांपेक्षा पालकांचा आणि शिक्षकांचा अधिक आहे.

वणी परिसराचे उदाहरण घेऊ. वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक) हे सप्तशृंगगडाजवळचे बाजारगाव, द्राक्षबागांच्या पट्ट्यातले. फळ धरण्यासाठीच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत सुरगाणा, पेठकडची आदिवासी कुटुंबे दिंडोरीच्या बागांत मजुरीला येतात. त्यांची काही मुले बागेवरच राहतात. त्यांची शाळा आणि सवंगडी सुटतात. काही गावी आजीजवळ राहतात, काही आश्रमशाळेत. तिथे घर तर दुरावतेच, शिवाय वर्गातली मराठी घरच्या बोलीहून वेगळी असते. असे मूल ‘मला आईची आठवण येते’ असे क्वचितच म्हणते. त्याचे पोट दुखते, अंथरूण ओले होते, ते जेवत नाही किंवा उगाच मारामारी करते. याला नाटक म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आईचा किंवा तिची जागा कायम घेणाऱ्या माणसाचा उबदार, अखंड सहवास मुलाच्या मानसिक आरोग्याला आवश्यक असतो, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या १९५१च्या अहवालात मांडले. ती जागा आजी घेऊ शकते, आश्रमशाळेतली अधीक्षिकाही. मात्र माणूस वरचेवर बदलता कामा नये.

शाळाच मुलाच्या घराजवळ नेण्याचा प्रयोग महाराष्ट्रात केला तो बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला आळशी न ठरवता शाळेनेच त्याच्याकडे जायचे, हा त्यांचा मार्ग वणी परिसरात आजही तितकाच लागू आहे.

घरी करण्याजोगे बरेच काही साधे आहे. मूल झोपेत असताना गुपचूप कामाला निघून जाऊ नये; कधी परतणार ते सांगावे आणि ठरल्या वेळी फोन करावा. हंगामानंतर वर्गात परतलेल्या मुलाला गैरहजेरीवरून सर्वांदेखत बोलू नये, आधी त्याला जवळ बसवून विचारपूस करावी. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. अपमान हा छळच, हे शाळांनी मनावर घ्यायला हवे.

उदासी, भीती किंवा अबोला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. मूल मरणाची भाषा बोलले तर एक दिवसही थांबू नये. मानसिक आरोग्याची मदतवाहिनी ‘टेलि-मानस’ (१४४१६) आणि बालकांसाठीची मदतवाहिनी (१०९८) या दोन्ही सेवा मोफत असून अहोरात्र चालतात.