‘रिझल्ट’ कितव्या दिवशीचा?

कुठलंही ऐतिहासिक साधन हातात आलं की आपण दोन प्रश्न विचारतो: हे कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं? शरीरावरच्या उपचारांचा इतिहास अभ्यासणार असाल तर त्यात तिसरा प्रश्न जोडून घ्या. ज्या शरीराबद्दल हे लिहिलंय, त्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा किती दिवस झाले होते? प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तराने अख्खा निष्कर्ष बदलू शकतो. स्तनांच्या इम्प्लांटचा इतिहास हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

१९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोन सर्जननी टिमी जीन लिंडसे या महिलेच्या छातीत सिलिकॉन जेलने भरलेले इम्प्लांट बसवले. अशा प्रकारची ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. लिंडसे सहा मुलांची आई होती आणि इस्पितळात आली होती ती गोंदण काढून घ्यायला. या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनीच तिला विचारलं. तिला स्वतःला कान नीट करून हवे होते, तेही करून द्यायचं ठरलं आणि ती तयार झाली. पुढच्याच वर्षी क्रोनिन आणि जेरो यांनी वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपलं काम मांडलं. निबंधाच्या शीर्षकातच ‘नैसर्गिक स्पर्श’ हे शब्द होते.

आता तिसरा प्रश्न विचारा. स्पर्श नैसर्गिक होता, पण कितव्या महिन्यात?

याचं महत्त्व कळायला थोडं शरीरशास्त्र लागेल. बाहेरची कुठलीही वस्तू आत बसवली की शरीर तिच्याभोवती तंतुमय पेशीजालाचं एक आवरण तयार करतं. याला ‘कॅप्सूल’ म्हणतात आणि ते सगळ्यांमध्येच तयार होतं. काही जणींमध्ये मात्र हे आवरण आकसत जातं. मग इम्प्लांट दाबला जातो, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखायला लागतं. ही गोष्ट बऱ्याचदा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी लक्षात येते. म्हणजे सुरुवातीला हाताला लागलेला मऊपणा खरा असला, तरी तो कायमचा आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या इम्प्लांटना मागच्या बाजूला डेक्रॉन कापडाचे तुकडे लावलेले असत. पेशीजालाने ते धरून ठेवावेत आणि इम्प्लांट जागचा हलू नये, हा त्यामागचा विचार. तो पुढे मागे पडला.

याच्या उलटही घडतं. पहिल्या काही आठवड्यांत जे वाईट दिसतं, ते पुष्कळदा टिकत नाही. इम्प्लांट आणि स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया (म्हणजे ‘लिफ्ट’) एकत्र केली असेल तर हे विशेष जाणवतं. या दोन शस्त्रक्रिया एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. लिफ्टमध्ये जास्तीची त्वचा काढून उरलेली घट्ट करतात, तर इम्प्लांट तीच त्वचा आतून ताणतो. त्यामुळे सुरुवातीला स्तन फार वर, ताठ आणि खालून चपटे दिसू शकतात. टाक्यांजवळ चुण्या पडतात. एका बाजूची सूज आधी उतरते, दुसरीची मागाहून, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. व्रण आधी लाल होतो, थोडा जाडही होतो आणि फिका पडायला वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. टाके भरले म्हणजे जखम भरली असं नसतं, आतली जुळणी पुढे कित्येक महिने चालूच असते.

म्हणून ‘थांबा, अजून सूज आहे’ हे सर्जनचं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण प्रत्येक वेळी नाही. एकच बाजू अचानक फुगणं, ताप, वाढत जाणारी लाली, जखम उघडणं किंवा स्तनाग्राचा रंग काळपट होणं, ही वाट बघण्याची लक्षणं नव्हेत. तेव्हा लगेच सर्जनला गाठावं लागतं. म्हणजे एकच वाक्य एकीला धीर देतं आणि दुसरीची तक्रार दाबून टाकतं. इतिहासकाराचं काम इथे सुरू होतं.

कडकपणा मोजायचा कसा? १९७५ साली जेम्स बेकर यांनी चार पायऱ्यांची श्रेणी मांडली. पहिलीत स्तन मऊ आणि नैसर्गिक, चौथीत कडक, विद्रूप आणि दुखरा. ही श्रेणी आजही वापरतात. पण त्यात हात आणि डोळे तपासणाऱ्याचे आहेत हे विसरू नका. आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला काय वाटतं, ते या श्रेणीत मावत नाही.

पुढे वाद पेटला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली सिलिकॉन जेल इम्प्लांटच्या वापरावर कडक निर्बंध घातले. खटले, बातम्या, सुनावण्या या सगळ्यांचा रोख एकाच प्रश्नावर होता: इम्प्लांटमुळे सबंध शरीराला आजार होतात का? १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने अहवाल दिला. अशा आजारांशी संबंध जोडणारा खात्रीचा पुरावा समितीला मिळाला नाही. पण त्याच अहवालाने सांगितलं की आकसलेलं आवरण, फाटलेला इम्प्लांट, संसर्ग, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया या स्थानिक गुंतागुंती वारंवार होतात आणि सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न तोच आहे. तुम्ही नुसते मथळे वाचलेत, तर ‘आरोप सिद्ध झाला नाही’ एवढंच हाती लागेल. ज्यांची छाती खरोखर कडक झाली होती, दुखत होती, त्या बायका तुमच्या प्रबंधातून गळून जातील.

बाईचं स्वतःचं मत पद्धतशीर नोंदवणारी ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली २००९ साली, म्हणजे लिंडसेच्या शस्त्रक्रियेनंतर ४७ वर्षांनी! ती शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घेता येते. त्यामुळे तारीख हा उत्तराचाच भाग होतो.

हा तिसरा प्रश्न आपल्याकडच्या साधनांनाही लागू पडतो. पुण्याजवळ झालेल्या कावसजीच्या नाकाच्या शस्त्रक्रियेचं वर्णन १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ते फार गाजलं. त्याचं चित्र काढलं होतं शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. चित्रातलं नाक भरून आलेलं आहे. पहिल्या पंधरवड्यात आरशात बघताना कावसजीला काय वाटलं असेल, याबद्दल ते चित्र गप्प आहे.

तेव्हा पुढचा ‘आधी-नंतर’चा फोटो, केस रिपोर्ट किंवा आकडेवारी हातात घ्याल, तेव्हा वहीत चार गोष्टी लिहा.

१. ‘नंतर’ म्हणजे नक्की किती दिवसांनी?
२. समाधान कोणी नोंदवलं, सर्जनने की पेशंटने?
३. फॉलोअपला किती जणी परत आल्याच नाहीत? त्या बऱ्या होत्या म्हणून आल्या नाहीत, की नाराज होत्या म्हणून?
४. तक्रार कोणत्या शब्दात नोंदवली? ‘दुखतंय’ याचं ‘किरकोळ अस्वस्थता’ कुठे झालं?

शेवटच्या प्रश्नासाठी लिंडसेकडे परत या. शस्त्रक्रियेला ५० वर्षं झाली तेव्हा तिने मुलाखत दिली. शुद्धीवर आल्यावर छातीवर प्रचंड ओझं ठेवल्यासारखं वाटत होतं आणि काही दिवसांनी ते दुखणं कमी झालं, असं तिने सांगितलं. ५० वर्षांनंतरची आठवण हे कच्चं साधन आहे, मान्य. पण परिषदेतला निबंध उत्साहाच्या भरातला आहे, तोही तितकाच सांभाळून वाचायला हवा. दोन्ही साधनं शेजारी ठेवा, दोन्हींवर शस्त्रक्रियेपासूनचं अंतर लिहा आणि मगच ‘रिझल्ट’ हा शब्द वापरा.