पाटीच्या मापाची गाडी

जॅग्वारची ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली. लांबलचक, निमुळतं नाक हीच तिची शान. पण त्या नाकावर नंबरप्लेट बसवायला सपाट जागाच नाही. इंग्लंडच्या कायद्याला मात्र पुढची पाटी हवीच होती. मग आकडे थेट बॉनेटच्या उतारावर चिकटवायची किंवा रंगवायची पद्धत पडली.

सुरुवातीला असा पेच नव्हता. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्ये गाडीवर मालकाचं नाव-पत्ता लिहिलेली पाटी सक्तीची केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 1903 पासून मीनाकामाच्या लोखंडी पाट्या दिल्या. त्यांना ठरलेलं माप नव्हतं. नंबरातले अंक वाढले की पाटी रुंद होई.

पुढे गाड्यांचे कारखाने मोठे झाले आणि हा सैलपणा महाग पडू लागला. राज्याराज्यांच्या पाट्यांची मापं वेगळी, तर मागचा पत्रा कोणत्या मापाने वळवायचा? अखेर 1956 मध्ये अमेरिकेतली राज्यं आणि मोटार उत्पादक यांच्यात 12 बाय 6 इंचांवर एकमत झालं. जपानची नेहमीची पाटी 330 बाय 165 मिलिमीटर, म्हणजे अमेरिकेच्या जवळपासची. युरोपात साधारण 520 बाय 110 ची लांब पट्टी रूढ झाली. गाडी कुठे जन्मली, हे तिच्या पाठीवरच्या खाचेवरून ओळखता येतं ते त्यामुळेच.

जपानी गाडी ब्रिटनमध्ये नेली की लांब पट्टी त्या खाचेत मावत नाही. ब्रिटनच्या 2001 च्या नियमांनी त्यावर समंजस तोड काढली: अक्षरांची उंची एरवी 79 मिलिमीटर, पण युरोपची प्रकार-मान्यता नसलेल्या आणि मोठ्या अक्षरांना जागाच नसलेल्या आयात गाडीला 64 चालेल. ‘दिसायला छान’ म्हणून साध्या गाडीवर छोटी पाटी लावणाऱ्याला ही सवलत नाही, हे बरंच झालं. जुन्या गाडीचा प्रश्न मापाइतकाच रंगाचा. 1980 पूर्वी बनलेल्या गाडीला तिथे काळ्यावर पांढऱ्या किंवा चंदेरी अक्षरांची पाटी चालते.

आपल्याकडे मोटारीसाठी 500 बाय 120 आणि 340 बाय 200 अशी दोन मापं आहेत. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुळात इटलीची फियाट 1100. साठच्या दशकात इटलीत मागची पाटी 275 बाय 200, जवळजवळ चौकोनी. पुढची फक्त 262 बाय 57. त्यामुळे पद्मिनीच्या डिकीवर दोन ओळींची 340 बाय 200 ची पाटी शोभते. लांब पट्टी तिथे उपरी वाटते. पुढे मात्र इटलीइतकी बारीक पाटी आपल्या नियमांत नाही, तेव्हा बंपरचा आधार घ्यावा लागतो. हौशी मालकाने पाटी करून घेण्याआधी मूळ भोकांमधलं अंतर आणि नंबराच्या दिव्याची जागा मोजावी. जुन्या पत्र्याला नवं भोक पाडलं की गंजाला वाट मिळते.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये वेगळे नियम केले. नव्याने नोंदणी होणाऱ्या व्हिंटेज गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, आणि त्या नोंदणीची फी 20,000 रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो.